खालच्या दोन सरकपट्ट्या

“खालचं जरा अंधारलंय,” म्हणत सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मशीनवरच्या खालच्या दोन सरकपट्ट्या उजवीकडे ढकलल्या. पडद्याचा तळ, म्हणजे शरीरातला खोलवरचा भाग, उजळला.

तेवढंच. पण डोक्यातून जाईना.

१० सेंटीमीटर खोल जाऊन परतायला प्रतिध्वनीला लागतात जेमतेम १३० मायक्रोसेकंद. ५ मेगाहर्ट्झला तो वाटेत साधारण ५० डेसिबल विरतो, म्हणजे जवळपास ३०० पट क्षीण! मशीनच्या आतली ॲनालॉग फ्रंट-एंड चिप (प्रतिध्वनीचा कच्चा विद्युत सिग्नल सगळ्यात आधी हाताळणारी) तेवढ्यात गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, चढवत नेते, मग सिग्नल डिजिटल करते. त्या सरकपट्ट्या खोलीनुसार हाच गेन कमी-जास्त करतात. एका चिपवर असे ८, १६, कधी ३२ चॅनल, म्हणजे सिग्नलच्या स्वतंत्र वाटा. प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि फिल्टर.

कौतुक मात्र सगळं सॉफ्टवेअरचं. (एआयचं तर विचारूच नका.) जो प्रतिध्वनी इथेच नॉइजमध्ये बुडाला, तो पुढे कोण शोधून काढणार?