ग्लायडर शिकताना : किमान आकारणीचा माझा अनुभव

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवायला शिकायचे ठरवल्यावर रत्नागिरीहून घाटावर जाणे ओघानेच आले. आमच्या सड्यावरचा जांभा उन्हात सपाटून तापतो खरा, पण समुद्रावरून थंड, दमट वारा सुटला की ग्लायडरला उचलून धरणारी, वर चढणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, किनाऱ्यालगत टिकत नाही. अर्ज, छायाचित्रे, वैद्यकीय तपासणी हे सारे विनासायास पार पडले. गाडे अडले ते एका साध्या प्रश्नावर : एका उड्डाणाला मला नेमके किती पैसे पडणार?

क्लबचे दरपत्रक वरकरणी सरळ होते. हौसेने येणाऱ्या पाहुण्याच्या फेरीसाठी ठोक रक्कम. शिकणाऱ्यासाठी वार्षिक वर्गणी, प्रत्येक लाँचचा, म्हणजे ग्लायडर ओढून हवेत चढवण्याचा, आकार आणि ग्लायडरचे मिनिटावर भाडे. तळाशी बारीक अक्षरांत ‘किमान आकारणी लागू’ असे छापले होते, मात्र ती किती मिनिटांची हे कोठेच नव्हते. फोन केला की कार्यालयातले गृहस्थ म्हणत, “ते इथे आल्यावर सांगतो, काका.” ईमेलला उत्तर म्हणून तेच दरपत्रक पुन्हा येई. आंबा घाट चढून प्रत्यक्ष गेलो, तर हिशेब पाहणारे रजेवर, आणि त्यांच्या टेबलावरची वही उघडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही!

एवढ्याशा गोष्टीसाठी मी हटून बसलो, असे घरच्यांनाही वाटले. पण विंचने, म्हणजे जमिनीवरून केबल गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ग्लायडर साधारण १००० फूट वर गेला आणि थर्मल मिळाला नाही, तर मिनिटाला सुमारे २०० फूट खाली येत तो पाच-सहा मिनिटांत जमिनीला टेकतो. शिकाऊ माणसाची सुरुवातीची बहुतेक उड्डाणे अशीच, सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची एक फेरी, पुरे करून उतरण्याची असतात, आणि एकट्याने उडण्याची परवानगी मिळेपर्यंत ती डझनावारी होतात. किमान आकारणी दहा मिनिटांची असेल, तर भाडे दर वेळी जवळजवळ दुप्पट पडते. रिक्षाच्या किमान भाड्यासारखाच हा प्रकार, फक्त रिक्षात ते बसण्यापूर्वी ठाऊक असते.

अखेर, आकडा कळल्याशिवाय वर्गणी भरणार नाही, असे लेखी कळवले, तेव्हा उत्तर आले : दहा मिनिटे. मग त्याच दमात केबल तुटण्याचेही विचारून घेतले. प्रशिक्षक मुद्दाम कमी उंचीवर केबल सोडून सराव करवतात, ते उड्डाण पूर्ण दराने धरले जाते. केबल खरोखर तुटली तर लाँचचा आकार लागत नाही. हे लेखी हाती आल्यावर मी शांतपणे पैसे भरले.

वर्गणीबद्दल सांगायचे राहिले. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात आणि पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात, त्यामुळे फेब्रुवारीत नाव घालणाऱ्याने उरलेल्या महिन्यांपुरती वर्गणी मागून पाहावी. मला ती मिळाली. उन्हाळ्यात थर्मल उत्तम असतात, पण तेव्हाच बागेत हापूस उतरवायचा असतो, म्हणून आंबेवाल्यांनी पूर्ण वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी आपला हंगाम मोजावा.

विमानाने ओढून नेण्याची सोय असेल तेथे लाँच महाग पडतो, पण उंची जास्त मिळत असल्याने मिनिटेही वाढतात; तुलना करायची ती हवेतल्या एका मिनिटामागे एकूण किती पडले याची. पावतीवर लाँचची संख्या आणि मिनिटे वेगवेगळी लिहून घ्यावीत. नुसती एकूण रक्कम लिहिलेली पावती मी परत करतो, आणि आता तेथील गृहस्थ न सांगता दोन रकाने आखतात.