वॉर्साची विद्यार्थी सहल: आधी संग्रहालय, मग जुनं शहर

जर्मनीत शिकणाऱ्या आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठाने ऑक्टोबरात पोलंडच्या राजधानीत, वॉर्साला नेलं. गटाबरोबर पहिल्यांदाच तिथे जाणार असाल तर संयोजकांना एक विनंती निघण्याआधीच करा: जुनं शहर पहिल्या संध्याकाळी ठेवू नका, १९४४ च्या उठावाच्या संग्रहालयानंतर ठेवा. आमच्या कार्यक्रमात क्रम उलटा होता. आम्ही चौघांनी मोकळ्या वेळात जुन्या शहराची दुसरी फेरी मारली आणि ते खऱ्या अर्थाने तेव्हाच पाहिलं.

जर्मन ताब्याविरुद्ध १ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेला वॉर्साचा उठाव ६३ दिवस चालला. तो मोडून काढल्यावर नाझींनी उरलंसुरलं शहर पद्धतशीरपणे जाळलं, सुरुंग लावून उडवलं. ऐतिहासिक गाभ्याचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. ट्रामच्या जुन्या वीजकेंद्रात असलेलं हे संग्रहालय तुम्हाला त्या दिवसांमधून चालवत नेतं. उद्ध्वस्त शहरावरून विमान उडत असावं अशी एक छोटी थ्रीडी फिल्म तिथे दाखवतात, ती चुकवू नका. लढणारे लोक ज्या गटारांमधून ये-जा करत, त्यांची प्रतिकृतीही आहे. बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर तिथे शिरू नका. गटाला मिळणारा दीड तास फार अपुरा आहे, तीन तास मागून घ्या. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, ज्यू इतिहासाचं ‘पोलिन’ संग्रहालयही त्याच दिवशी बंद. तेव्हा मंगळवार राजवाडा आणि बागांसाठी ठेवा.

हे पाहून झालं की जुन्या शहराच्या चौकात जा. रंगवलेली घरं, मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलपरी, सगळं शतकांपूर्वीचं वाटतं. पण त्यातलं बहुतेक युद्धानंतर उभं राहिलेलं आहे. बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली वॉर्साची दृश्यं पुनर्बांधणीत कामी आली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी घेतलेली इमारतींची मापं आणि आराखडे लपवून वाचवले गेले होते, त्यांचाही आधार घेतला. आपल्याच वयाच्या मुलामुलींनी अभ्यासाचा भाग म्हणून काढलेल्या रेघांवरून शहराच्या भिंती पुन्हा उठल्या, हे मला त्या चौकात उभं असताना फार मोठं वाटलं. १९८० साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या पुनर्बांधणीसाठीच. राजवाड्याच्या बाजूला झिग्मुंट राजाच्या स्तंभाचे जुने तुटके खांब ठेवलेले आहेत. गाईड घाईत असेल तर ते दाखवायचे राहतात, स्वतः जाऊन बघा.

आता कोल्हापूरकरांसाठी, आणि खरं तर सगळ्याच मराठी मुलांसाठी. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने हजारो पोलिश कुटुंबांना सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं. पुढे पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमार्गे बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासितांना वसवलं, तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडची निम्मी माणसं तिथे जातात!

या आश्रयाची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत झालेल्या मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाला लागून. जागा योग्यच आहे, कारण ती लढाई लढणारं पोलिश सैन्य अँडर्स यांचंच. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत याचा उल्लेखही नव्हता. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर ‘रातुश आर्सेनाल’ स्टेशनात उतरा, क्राशिन्स्की बाग शेजारीच आहे आणि बागेच्या कडेला हे स्मारक. जुन्या शहरातून चालत आलात तर पंधरा-वीस मिनिटं. हातात वेळ असेल तर ओखोता भागातला ‘भल्या महाराजांचा’ चौकही पाहा. नवानगरच्या (आजचं गुजरातमधलं जामनगर) महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, तिथल्या बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता, त्यांच्या नावाचा.

खाण्यासाठी ‘बार म्लेचनी’ शोधा. नावात बार असला तरी ही साधी, स्वस्त खाणावळ असते. काउंटरवर आधी पैसे भरायचे, पावती खिडकीत द्यायची, ताट स्वतः आणायचं आणि नंतर परत ठेवायचं. शाकाहारी असाल तर ‘पिएरोगी रुस्किए’ मागा, करंजीच्या आकाराचे उकडलेले डम्पलिंग, आत बटाटा आणि चीज असतं. मात्र वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, म्हणून ‘बेज स्क्वारेक’ (ते तुकडे नकोत) असं आधीच सांगा. बटाट्याचे ‘प्लाट्स्की’, म्हणजे तळलेली धिरडी, तीही चांगली. ‘झुरेक’ सूपमध्ये सॉसेज असतं.

पैसे झ्वोतीत चालतात, युरोत नाही, पण कार्ड जवळपास सगळीकडे घेतात. एटीएमने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ विचारलं तर नकार द्या, दर नेहमी वाईट असतो. ट्राम, बस आणि मेट्रोला एकच तिकीट चालतं. २४ तासांचं काढलंत तर वेळ ते पहिल्यांदा शिक्का मारणाऱ्या मशीनमध्ये टाकल्यापासून मोजतात, आणि कागदी तिकीट तसं न टाकता बसलात तर दंड होतो. विद्यार्थी ओळखपत्र रोज खिशात हवं, संग्रहालयांत सवलत मिळते. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, त्यामुळे परतीच्या गाडीसाठीचा खाऊ शनिवारीच घ्या. बर्लिनची गाडी मध्यवर्ती स्टेशनातून सुटते, साडेपाच-सहा तास लागतात. जर्मनीचा निवास परवाना असेल तर पोलंडचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र परवाना आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका, सीमेजवळ पोलीस डब्यात येऊन ते मागू शकतात.