न्यूट्रल-अर्थ 0.0

तक्रार एवढीच होती की चार्जिंग चालू असताना इलेक्ट्रिक गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. आधी येऊन गेलेल्या इलेक्ट्रिशियनने तीन दिव्यांचा टेस्टर लावून सॉकेट पास केलं होतं. मीही तोच लावला. दिवे बरोबर लागले. पोर्टेबल चार्जरचीही तक्रार नव्हती.

मीटरवर फेज-न्यूट्रल 232, फेज-अर्थ 232, न्यूट्रल-अर्थ 0.0. लोड नसताना असं दिसू शकतं. म्हणून मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड घालून गाडी 10 अँपिअरवर लावली. फेज-न्यूट्रल 211 वर आलं, फेज-अर्थही 211 वर, आणि न्यूट्रल-अर्थ तसंच 0.0. इथे खटकलं. न्यूट्रलमधून 10 अँपिअर वाहत असताना अर्थच्या तुलनेत व्होल्ट-दोन व्होल्ट तरी दिसलेच पाहिजेत. ओल्या मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसून गाडीच्या बॉडीशी मोजलं, तर 18 व्होल्ट.

सॉकेट उघडलं. न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये बोटभर हिरवी तार, आणि अर्थिंगच्या खड्ड्याकडून आलेली अर्थची वायर टेप गुंडाळून मागे दडपलेली. अर्थ नाही म्हणून चार्जर लाल दिवा देत असणार, त्यावर काढलेला हा तोडगा. दिव्यांच्या टेस्टरला न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ओळखताच येत नाहीत, त्यामुळे तो फसणारच. त्याच्या भरवशावर गाडीचं सॉकेट पास करणं म्हणजे कामचुकारपणा. खरी वायरही सोबत जोडलेली असती, तर थोडा करंट जमिनीतून परत गेला असता आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, पडला असता. इथे तो गप्पच राहिला.

18 व्होल्ट आले ते डिस्ट्रिब्युशन बोर्डातल्या न्यूट्रल लिंकच्या, म्हणजे न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीच्या, ढिल्या स्क्रूमुळे. तिथलं इन्सुलेशन भाजून तपकिरी झालं होतं. तो जोड पूर्ण सुटला असता, तर फेज चार्जरमधून न्यूट्रलवर, तिथून त्या बोटभर तारेने थेट बॉडीवर.

तार काढली, तसा चार्जरने लाल दिवा दिला. खड्ड्यापासून 4 चौरस मिमीची तांब्याची वेगळी वायर ओढली. गाडी काढून 500 व्होल्टवर मेगर केलं, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासलं; किमान 1 मेगाओम लागतं, 200 च्या वर मिळालं. जुना टाइप एसी आरसीसीबी काढून 30 मिलीअँपचा टाइप ए आरसीबीओ (गळती आणि ओव्हरलोड दोन्हींवर पडणारा) बसवला. चार्जरमधल्या दोषाने पल्सेटिंग डीसी (एकाच दिशेने ठोक्याठोक्याने वाहणारी) गळती झाली तर टाइप एसीचा भरवसा नाही.

ती हिरवी तार अजून माझ्या बॅगेत आहे. दोन्ही टोकांना लग, व्यवस्थित पंच केलेले. नवख्याचं काम नाही.