आईवडिलांना लिहिलेल्या एका पत्राच्या वाटेवरून

ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागातून आम्ही पहाटे निघालो. लेक गाडी चालवत होती आणि माझ्या मांडीवर काही छापील पाने होती. ‘मॉनिटर’ या चिलखती युद्धनौकेवरील लेफ्टनंट सॅम्युएल डेना ग्रीन यांनी १४ मार्च १८६२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन रोड्स या नैसर्गिक बंदरातून आईवडिलांना लिहिलेले ते पत्र होते. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धाला तेव्हा वर्षही झाले नव्हते; मॉनिटर उत्तरेची होती. ग्रीन नौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते आणि त्यांचे वय होते बावीस.

मॉनिटर ग्रीनपॉइंटलाच बांधली गेली. जॉन एरिक्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने तिचा डेक पाण्याच्या जेमतेम वर ठेवला होता आणि त्यावर आठ इंच जाडीच्या लोखंडी भिंतींचा एक फिरता बुरूज बसवला होता. वीस फूट व्यासाच्या त्या बुरुजात अकरा इंची दोन तोफा होत्या. पत्राच्या सुरुवातीलाच ग्रीन सांगतात की, सवड मिळेल तसे लिहीत असल्यामुळे हे पत्र कधी पुरे होईल ते सांगता येत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री, दुसऱ्या दिवशी आईवडिलांना भेटता येईल अशी त्यांची खात्री होती. परंतु कारागिरांनी रात्रभर खपून दुरुस्ती संपवली आणि ६ मार्चला सकाळी अकरा वाजता नौका निघालीसुद्धा. भेट राहून गेली ती अशी, आणि त्याबद्दल ते एवढेच लिहितात.

दुपारनंतर आम्ही चेसापीक उपसागराच्या मुखावरील पुलावर आलो. हा पूल सुमारे अठ्ठावीस किलोमीटर लांब असून मध्ये दोनदा बोगद्यात शिरतो. डावीकडे खुला अटलांटिक होता. मी लेकीला पत्रातला समुद्राचा भाग वाचून दाखवला. शुक्रवारी सकाळी सहापासून सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत आपण दहा वर्षे जगलो, असे ग्रीन लिहितात. लाटा डेकवरून वाहत होत्या, बुरुजाच्या तळाशी असलेल्या फटीतून पाणी आत येत होते आणि सुकाणूघराच्या अरुंद झरोक्यांतून ते इतक्या जोराने घुसत होते की सुकाणूवरचा माणूस चाकापासून फेकला जाई. हवा खेळवणाऱ्या पंख्यांत पाणी गेले, ते बंद पडले आणि इंजिनघर विषारी वायूने भरले. पंखे पुन्हा सुरू करण्यासाठी झटणारे इंजिनिअर एकेक करून मेल्यासारखे कोसळले. ग्रीन माणसे घेऊन खाली उतरले आणि त्यांना बुरुजाच्या माथ्यावर मोकळ्या हवेत आणले. आईला मध्येच नावाने हाक मारावी तशी हाक मारून ते या इंजिनिअरांच्या शौर्याचे वर्णन करतात. मला संपूर्ण पत्रात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लढाईची कीर्ती तोफांच्या वाट्याला जाते आणि इंजिनघरातली माणसे विसरली जातात.

पुलाच्या दक्षिण टोकाकडे केप हेन्री आहे. ८ मार्चला दुपारी चारच्या सुमारास तेथून जाताना त्यांना दूरच्या तोफांचे आवाज ऐकू आले. ‘मेरिमॅक’ या जुन्या जहाजाच्या सांगाड्यावर लोखंडी कवच चढवून दक्षिणेने तयार केलेल्या ‘व्हर्जिनिया’ने त्या दिवशी उत्तरेच्या युद्धनौकांपैकी ‘कंबरलँड’ बुडवली होती आणि ‘काँग्रेस’ पेटवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या दोन चिलखती नौका सुमारे चार तास झुंजल्या आणि कोणतीच कोणाला भेदू शकली नाही. सुकाणूघरावर गोळा फुटून कप्तान वॉर्डन यांचे डोळे जखमी झाले आणि नौका ग्रीन यांच्या हाती आली.

आपल्याकडे हे युद्ध ओळखीचे आहे ते मुख्यतः कापसाच्या भावांमुळे. उत्तरेने केलेली दक्षिणेच्या बंदरांची जी नाकेबंदी व्हर्जिनिया फोडायला निघाली होती, त्याच नाकेबंदीमुळे इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला; तो १८६५ मध्ये ओसरला. मॉनिटरच्या धर्तीच्या नौकाही पुढे मुंबईला आल्या. ‘मॅग्डाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ या दोन बुरूजधारी नौका १८७० मध्ये इंग्लंडात पाण्यात उतरल्या आणि मुंबई बंदराच्या रक्षणासाठी तेथे ठेवल्या गेल्या.

हॅम्प्टन रोड्सच्या काठावरील न्यूपोर्ट न्यूज या शहरातील मरिनर्स म्युझियममध्ये आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मॉनिटर ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे केप हॅटरसजवळ वादळात बुडाली आणि सोळा जण गेले. ग्रीन त्या रात्रीही नौकेवर होते व वाचले. २००२ मध्ये समुद्रातून वर काढलेला तिचा बुरूज येथे एका प्रचंड टाकीत, सापडला तसाच उलटा ठेवलेला आहे आणि सुमारे एकशे चाळीस वर्षे लोखंडात मुरलेले क्षार वीजप्रवाहाच्या साहाय्याने हळूहळू बाहेर काढले जात आहेत. बुरुजात सापडलेल्या दोन खलाशांच्या अस्थींचे २०१३ मध्ये आर्लिंग्टन येथे दफन झाले. व्हर्जिनियाच्या गोळ्यांनी बुरुजाच्या भिंतीत पाडलेले खळगे आजही तसेच आहेत. त्यांच्या आतल्या बाजूला, धुराने व तोफांच्या दारूने काळेठिक्कर झालेले ग्रीन उभे होते. लढाई संपल्यावर आपली हाडे न् हाडे दुखत होती, अंगातून विजेचे झटके जावेत तसे स्नायू उडत होते आणि झोप काही केल्या येत नव्हती, हेही त्यांनी आईपासून लपवलेले नाही. व्हर्जिनियाचा पाठलाग न केल्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीका होत राहिली. १८८४ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. हे ठाऊक झाल्यावर त्या ओळी मला पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोरच्या पाण्यात कंबरलँड बुडाली होती आणि पलीकडे, नॉरफोकच्या बाजूने, व्हर्जिनिया आली होती. नौदल अकादमीत ज्याच्यासोबत एका खोलीत राहिलो, तो मित्र त्या दिवशी व्हर्जिनियावर होता, असे ग्रीन लिहितात. एकमेकांवर असे अवजड गोळे डागण्याची वेळ येईल, हे तेव्हा दोघांच्याही मनात आले नव्हते. ही गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत आटोपली आहे. लेकीने ती वाक्ये पुन्हा वाचायला लावली. त्यानंतर आम्ही गाडीत बसलो आणि या दोन नौकांची नावे दिलेल्या बोगद्यातून, त्याच पाण्याखालून, पलीकडच्या तीरावर गेलो.