फायली न हलवता एका जागी: आमच्या सोसायटीचा अनुभव

गेल्या जूनमध्ये तळमजल्यावरच्या आजोबांनी माझ्याकडे एक कागद मागितला. २०१८ च्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बीमचं प्लास्टर सुटलं होतं आणि रिपोर्टमध्ये त्या बीमबद्दल काय लिहिलंय ते त्यांना बघायचं होतं. मला सेक्रेटरी होऊन दोनच महिने झाले होते. तो रिपोर्ट सापडायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस ते रोज संध्याकाळी जिन्यात भेटायचे आणि काही न विचारता फक्त माझ्याकडे बघायचे.

आमची इमारत ठाण्यात नौपाड्यात आहे. तीन मजले, लिफ्ट नाही, चोवीस बिऱ्हाडं, बांधकाम १९८४ चं. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, त्यामुळे कागदांचा नुसता पूर आहे. त्यात शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशाप्रमाणे, म्हणजे सहकारी संस्था कायद्यातल्या कलमावरून सगळे ज्याला ७९(अ) म्हणतात त्याप्रमाणे, विकासक निवडायच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. सभासदानं कागद मागितला तर तो दाखवणं हे संस्थेचं काम आहे, त्याच्यावर उपकार नव्हेत. मी बॅंकेत चौतीस वर्षं काढली आहेत. कागद आहे पण सापडत नाही, हे मला सहनच होत नाही.

कागद होते कुठे? सोसायटीच्या जीमेलच्या गूगल ड्राइव्हवर थोडे. तिथली फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि आमची तर जुन्या मेलमधल्या अटॅचमेंटनीच भरत आली होती. आधीच्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या ड्राइव्हवर इतिवृत्तं आणि मेंटेनन्सच्या शीट्स. खजिनदारांच्या वनड्राइव्हवर हिशेब, ऑडिट आणि सभांचे व्हिडिओ, कारण त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची १ टीबी जागा आहे. प्रकल्प सल्लागारांच्या ड्रॉपबॉक्सवर नकाशे आणि फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे पुनर्विकास परवडेल का याचा अहवाल. आजोबांचा रिपोर्ट शेवटी आधीच्या सेक्रेटरींच्या ड्राइव्हवर निघाला. फाइलचं नाव होतं ‘स्कॅन०००४७’.

कमिटीत ठरलं की सगळं एका जागी आणायचं. सोसायटीच्या खात्यावर जास्तीची जागा विकत घेतली आणि तीन शनिवार-रविवार मी डाउनलोड-अपलोड करत बसले. यात जी चूक झाली ती पूर्णपणे माझी होती. कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची एक शीट होती. त्यात प्रत्येक सभासदानं आपल्या करारनाम्याप्रमाणे आपल्या फ्लॅटचा एरिया भरायचा होता. मी ती एक्सेलमध्ये उतरवून घेतली आणि नव्या जागी चढवली. कुणी कोणता आकडा कधी बदलला हा इतिहास जुन्या शीटबरोबर जुन्या जागीच राहिला. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवरची लिंक जुन्याच शीटची होती. अर्ध्या लोकांनी जुन्या शीटमध्ये भरलं, अर्ध्यांनी नव्या. सभेत एका ताईंच्या फ्लॅटचा एरिया एका कागदावर ४१२ आणि दुसऱ्यावर ४२१ चौरस फूट निघाला. पुनर्विकासात नऊ फूट म्हणजे काय, हे ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्या ताई रडवेल्या झाल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बी विंगमधली एक मुलगी आली. ती आयटीत आहे, ऐरोलीला जाते. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काकू, पण फायली हलवताय कशाला? त्या आहेत तिथे राहू देत. तुम्हाला फक्त तिथे पोचायची वाट हवी आहे.”

तिचं बोलणं मला लगेच पटलं, कारण बॅंकेतही आम्ही तेच करायचो. कर्जाचे मूळ कागद तिजोरीच्या खोलीत असायचे. टेबलावर असायचं ते रजिस्टर: पाकीट क्रमांक, कपाट, खण. कागद जागचा हलायचा नाही, नोंद मात्र चोख असायची.

तिनं सुचवलेल्या प्रोग्रॅमचं नाव आरक्लोन. निक क्रेग-वुड यांनी तो सुरू केला, तो फुकट आणि ओपन सोर्स (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे आणि सत्तरहून जास्त क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायच्या जागा, त्याला कळतात. आम्ही तो चकचकीत खिडक्यांशिवायच वापरला. काळ्या पडद्यावर तो प्रश्न विचारतो, आपण उत्तरं टाइप करायची. मला आधी भीती वाटली होती, पण एका दुपारी तिच्याशेजारी बसून केलं तेव्हा कळलं की हा तर फॉर्म भरण्यासारखाच प्रकार आहे. ‘आरक्लोन कॉन्फिग’ लिहायचं, नव्या जोडणीसाठी एन दाबायचं, तिला नाव द्यायचं, लांबलचक यादीतून सेवेचा क्रमांक निवडायचा. गूगल ड्राइव्हसाठी तो विचारतो की परवानगी कितपत द्यायची. आम्ही फक्त वाचण्याची दिली. मग ब्राउझर उघडतो, खातेदारानं लॉगिन करून होकार द्यायचा की झालं.

इथे एक गोष्ट मी आग्रहानं सांगते. कुणाचाही पासवर्ड मागायचा नाही. आधीच्या सेक्रेटरींचं खातं मी जोडलंच नाही. त्यांनी सोसायटीचा फोल्डर आमच्या खात्याशी शेअर केला. तो आधी दिसेचना, कारण दुसऱ्यानं शेअर केलेल्या गोष्टी आरक्लोन आपणहून दाखवत नाही. मग ड्राइव्हमध्ये त्या फोल्डरचा शॉर्टकट ‘माय ड्राइव्ह’मध्ये टाकला आणि तो दिसायला लागला. यात आमचा एक तास गेला. सल्लागारांनी त्यांचा फोल्डर सोसायटीच्या ड्रॉपबॉक्स खात्याशी शेअर केला. तिथे शेअर केलेला फोल्डर आपल्याही जागेत धरला जातो आणि फुकट खात्याला २ जीबीच मिळतात. नशिबानं त्यांचा फोल्डर १.३ जीबीचा होता.

खजिनदारांनी मात्र स्वतः माझ्या शेजारी बसून लॉगिन केलं. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की पडद्यावर फक्त सोसायटीचा फोल्डर दिसेल, पण जी किल्ली या कॉम्प्युटरवर राहणार ती तुमच्या अख्ख्या खात्याची आहे. म्हणून या किल्ल्या जिथे राहतात त्या आरक्लोनच्या कॉन्फिग फाइललाच पासवर्ड घातला. तो आम्हा दोघांनाच माहीत आहे. त्यांना वाटेल तेव्हा ते स्वतःच्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून घेऊ शकतात. कसं काढायचं तेही त्याच वेळी करून पाहिलं आणि मग पुन्हा जोडलं.

हे सगळं एकत्र दाखवायचे दोन मार्ग आहेत. युनियन नावाचा प्रकार सगळ्यांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये मिसळून दाखवतो. मला तो नको होता. कागद कुणाच्या ताब्यात आहे हे दिसलंच पाहिजे. म्हणून कंबाइन घेतलं. त्यात प्रत्येक खात्याचा वेगळा फोल्डर राहतो: सोसायटी, जुने सेक्रेटरी, खजिनदार, सल्लागार. मग विंडोजला हे सगळं ड्राइव्हसारखं दाखवता यावं म्हणून विनएफएसपी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम टाकावा लागला, आणि ‘माउंट’चा आदेश दिल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सी, डी यांच्या रांगेत वाय नावाची नवी ड्राइव्ह उभी राहिली. आत चार फोल्डर. माउंट करताना ‘रीड ओन्ली’ लिहिलं, म्हणजे माझ्या हातून चुकूनही काही पुसलं जाणार नाही. तीन शनिवार-रविवारांत जे जमलं नाही ते दिसत होतं, आणि एकही फाइल जागची हलली नव्हती.

अडचणी आल्याच. पहिली गूगल शीट्सची. वायमधून शीट उघडली की तिची एक्सेलमध्ये उतरवलेली नक्कल उघडू पाहायची, म्हणजे पुन्हा तोच ४१२-४२१ चा धोका. त्यावर त्या मुलीनं एक सेटिंग शोधून काढलं: शीट्स उतरवून द्यायचं रूप ‘यूआरएल’, म्हणजे शीटची नुसती लिंक, असं ठेवायचं. आता शीटवर क्लिक केलं की ब्राउझरमध्ये मूळ शीटच उघडते, इतिहासासकट. मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरी अडचण व्हिडिओंची. सभेचं चित्रीकरण पावणेतीन तासांचं आहे. आधी ते अडखळायचं. कॅशचा, म्हणजे उघडलेल्या फायली कॉम्प्युटरवर तात्पुरत्या साठवायच्या जागेचा, प्रकार ‘फुल’ केल्यावर नीट चालायला लागलं. त्यात फाइलचा जेवढा भाग बघतोय तेवढाच खाली येतो. एका काकांना ठराव क्रमांक तीनवर कोण काय बोललं ते ऐकायचं होतं. आम्ही थेट दीड तासावर गेलो, दहा मिनिटं ऐकलं आणि ते समाधानानं उठले. ही कॅश डिस्कवर जागा खाते, म्हणून तिला २० जीबीची मर्यादा घातली. आणखी एक: कुणी नवी फाइल टाकली तर ती वायमध्ये दिसायला कधी कधी पाच मिनिटं लागतात. तेवढं थांबायचं.

जुलैत दोन दिवस इंटरनेट गेलं आणि वाय पार कोरडी पडली. तेव्हा मला नीट उमगलं की एका दारातून सगळं दिसतं म्हणजे सगळं आपल्या घरात आहे असं नाही. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), मंजूर नकाशे, शेअर रजिस्टर आणि तिन्ही स्ट्रक्चरल ऑडिट एवढ्यांची प्रत आरक्लोननंच एका हार्ड डिस्कवर उतरवली आणि ‘चेक’ लावून मुळाशी ताडून घेतली. बाकीचं राहू दे तिथेच. या प्रतींचा सगळा मिळून सहाशे-सातशे एमबीचा मामला होता, एका संध्याकाळी आटपला.

आणि माझं रजिस्टर! एक आदेश दिला की चारही ठिकाणच्या सगळ्या फायलींची तारखेसह यादी निघते. पहिल्यांदा काढली तेव्हा ६,३१२ ओळी होत्या. ती एक्सेलमध्ये घेऊन मी शेजारी ‘हा कागद काय आहे’ असा रकाना केला आणि रोज दुपारी चहानंतर पन्नास-साठ ओळी भरते. ‘स्कॅन०००४७’समोर लिहिलंय: स्ट्रक्चरल ऑडिट २०१८, तळमजला बीमचे फोटो पान २३. अजून निम्मं काम बाकी आहे. दर रविवारी नवी यादी काढून जुनीशी ताडते, म्हणजे काय वाढलं आणि काय नाहीसं झालं ते कळतं.

मागच्या महिन्यात आधीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ते आता मुलाकडे पुण्याला असतात. “वहिनी, माझ्या ड्राइव्हची जागा संपत आलीय. सोसायटीचं जुनं काढून टाकू का?” मी त्यांना थांबायला सांगितलं आणि यादी उघडली. त्यांच्या फोल्डरच्या ओळी एकेक करून वाचत गेले. २०११ चे दिवाळीच्या रांगोळीचे फोटो, ते काढा. पाण्याच्या टाकीचं कोटेशन, जे आपण घेतलंच नाही, तेही काढा. २०१८ चं ऑडिट ठेवा, त्याला हात लावू नका. तासभर फोन चालला. मध्येच ते म्हणाले, “अहो, हा स्कॅन मी केला तेव्हा पाऊस होता, पानं ओली झाली होती, म्हणून तेविसावं पान वाकडं आलंय.” मी वायमधून ते पान उघडून बघितलं. खरंच वाकडं होतं, पण बीमचा तडा स्पष्ट दिसत होता.