कोऱ्या सह्यांपासून फॉर्म २९-सी पर्यंत: जुन्या गाड्यांच्या व्यवसायातली आमची वाटचाल

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा बाजाराची रीत ठरलेली होती. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, कोऱ्या सह्या करायच्या, गाडी दोन-तीन हात फिरायची आणि शेवटी ज्याच्याकडे राहील त्याने आरटीओत आपलं नाव चढवायचं. तोवर चलन आणि अपघाताचा दावा मूळ मालकाच्या दारात. कोऱ्या सहीची गाडी घ्यायची नाही, हा नियम आम्ही तेव्हाच केला.

१ एप्रिल २०२३ पासून कायदाही तेच सांगतो. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९-बी, लागतं. मालकाने गाडी ताब्यात दिल्याचं फॉर्म २९-सी भरून पोर्टलवर कळवलं की ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी डीलरची. म्हणून गाडी बघण्याआधी हे दोन कागद मागा. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, हवाच. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली. इथे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरूनच भाव ठरवा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आमची तपासणी बदलली. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून उभी केली तर ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. सीटच्या रेल्सवर गंज, कार्पेटखालच्या फोमला ओल, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती, फ्यूजबॉक्सच्या कनेक्टरवर हिरवट थर, यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबा. इंजिन उत्तम चालत असेल, पण कनेक्टर आतून खात जातात आणि काही महिन्यांनी एअरबॅग, एबीएस, पॉवर विंडो एकेक करून बंद पडतात. हा बिघाड कायमचा दुरुस्त होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

रंगाची जाडी मीटरने मोजतो. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर आकडा गेला तर बहुधा पुन्हा रंगवलंय, ५०० च्या वर खाली पुट्टी आहे. दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला चालतो, पण पिलर (छप्पर पेलणारे खांब), छप्पर किंवा अप्रनवर (बॉनेटखालच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर) असा आकडा आला तर गाडी सोडा. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे हे मीटर चालत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेल्याची शंका घ्या. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही, पण रेडिनेस, म्हणजे गाडीच्या संगणकाची स्वतःची तपासणी, अपूर्ण दिसतोय, म्हणजे कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. किलोमीटरच्या आकड्यावर आम्ही सर्वात कमी भरवसा ठेवतो. सर्व्हिसच्या नोंदी आणि पेडलच्या रबराची झीज त्याच्याशी ताडून बघा.

विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, फरकाची रक्कम भरावी लागते. आणि आरसीवर नाव येईपर्यंत किमतीचा काही भाग हातात ठेवा. आमच्या पावतीवर ही अट आम्ही स्वतःच लिहून देतो.