गोगलगायीपुढे हात जोडणारा सरदार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांची चित्रं दाखवताना हा प्रश्न हमखास येतो: चिलखतातला सरदार गोगलगायीशी का लढतोय? आणि हरतोय का? एखाद्या चित्रात तर तलवार खाली पडलीय नि हा गुडघे टेकून हात जोडतोय. (मागून कुणीतरी ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतंच.)

विचारणाऱ्याला पक्का अर्थ हवा असतो, आणि ते समजण्यासारखं आहे. त्या काळच्या प्राणिग्रंथांत अर्थ ठरलेलेच असत. पेलिकन स्वतःची छाती फोडून रक्तानं पिल्लं जिवंत करतो, म्हणून तो ख्रिस्त. पण आपली गोगलगाय प्रार्थनेच्या नि कायद्याच्या पोथ्यांत, मजकुराबाहेर, समासात फिरते. तिथे खाली अर्थ लिहिलेला नसतो.

लिलियन रँडल या अभ्यासक बाईंनी १९६२ मध्ये अशी सत्तरेक चित्रं जमवली. बहुतेक १२९० ते १३१० दरम्यानची. त्यांच्या मते गोगलगाय म्हणजे लोंबार्ड: व्याजबट्टा करणारे, भित्रे म्हणून हिणवले जाणारे इटालियन. तर्क हुशार आहे, पण मला पुरता पटत नाही. चित्रात घाम फुटलेला असतो तो सरदाराला. शिवलं की आत जाणाऱ्या जिवापुढे हा शरण! मला ती सरदाराचीच टवाळी वाटते. एकदा जमलेली गंमत मग एका चित्रकाराकडून दुसऱ्यानं उचलली असणार.

ससे बघा. ‘स्मिथफील्ड डिक्रेटल्स’ ही पोपच्या कायद्यांची पोथी. तिच्यात १३४० च्या सुमारास लंडनमध्ये चित्रं काढली गेली. पानाच्या तळाशी ससे शिकारी कुत्र्याला पकडतात, त्याच्यावर रीतसर खटला चालवतात नि फाशी देतात. वर कायदा, खाली सशांचं कोर्ट! ही थट्टा कळायला कायदा ठाऊक हवा, म्हणजे पोथी वाचणाऱ्यांसाठीच ती केलेली.

सगळ्यांना हे आवडत नव्हतंच. त्याआधी, ११२५ च्या सुमारास, फ्रान्समधल्या क्लेअरवो मठाचा प्रमुख संत बर्नार्ड मठांतल्या अशाच कोरीव माकडा-राक्षसांवर उखडला होता: भिक्षू वाचत असताना ही विचित्र ध्यानं इथे कशाला? शेवटी तो म्हणतो, वेडेपणाची लाज नसेल तर नसो, निदान खर्चाची तरी वाटू द्या.